सुट्या पानाचं भान

बेंगळुरूच्या राजाजीनगरात डॉ. राजकुमार रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे. जेमतेम दहा फुटांचं. आत एक मोठं मशिन, दोन छोटे प्रिंटर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांच्या फायली घेणारा एक जुना संगणक. सकाळी साडेनऊपासून तिथे रांग लागते. कुणी ईएसआय हॉस्पिटलचे कागद घेऊन आलेलं असतं, कुणाला भाडेकरार छापायचा असतो, कुणाला मुलाच्या प्रवेशाचा अर्ज. माझं काम छोट्या कारखान्यांसाठी संगणकावरचे फॉर्म बनवण्याचं, त्यामुळे त्या रांगेत उभं राहिलं की नजर आपोआप लोकांच्या हातांतल्या कागदांकडे जाते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशी अशाच एका अर्जासाठी माझ्याकडे आल्या. मावशी मूळच्या बेळगावच्या. यजमान इथल्या इंडस्ट्रियल टाउनमधल्या कारखान्यात फिटर होते, ते गेले. निवृत्तिवेतन मावशींच्या नावावर व्हायचं होतं. नातीने अर्ज ऑनलाइन भरला, तिच्या संगणकावर पीडीएफ करून ठेवला, आजीला पाठवला. मावशींनी तो छापून घेतला, पाचव्या पानावर सही केली आणि दोन बस बदलून कार्यालयात गेल्या. तिथून अर्ज परत आला. वारसांच्या तक्त्यातली एक ओळ मधोमध चिरली होती. नावाचा वरचा अर्धा भाग दुसऱ्या पानाच्या तळाशी आणि उरलेला अर्धा तिसऱ्याच्या माथ्यावर. पत्त्याची तिसरी ओळ छापलीच गेली नव्हती. आणि पाचव्या पानावर मावशींच्या सहीशिवाय काहीही नव्हतं. खिडकीतल्या माणसाने ते पान हातात धरून विचारलं होतं, "हे कुणाचं?"

"अरे, मी नीट बघून सही केली होती रे," मावशी मला म्हणाल्या. चूक आपलीच झाली, असं त्यांना वाटत होतं. ती त्यांची नव्हती, नातीचीही नव्हती आणि दुकानदाराचीही नव्हती. अर्ज पडद्यावर भरून घेताना त्याचा कागद होणार आहे, याचा विचार ज्याने करायला हवा होता त्याने तो केला नव्हता. हा विचार म्हणजे नेमका काय, ते त्या तीन दोषांच्याच वाटेने समजून घेता येतं.

पाचवं पान आलं कुठून?

पडद्यावरचा फॉर्म ही एक लांब पट्टी असते. बोट सरकवलं की ती खाली खाली उलगडत जाते. तिला पान नसतं आणि पानाचा तळही नसतो. छापण्याची आज्ञा दिली की ब्राउझर ही पट्टी कागदाच्या उंचीएवढ्या तुकड्यांत कापतो. साहजिकच पहिला प्रश्न असा, की कागद केवढा?

आपल्याकडे घरोघरी वापरला जातो तो ए-फोर. 210 मिलिमीटर रुंद, 297 मिलिमीटर उंच. ही मापं 1922 साली जर्मनीत प्रमाण ठरली. वाल्टर पोर्स्टमान या अभियंत्याने ती मांडली. त्यातली खुबी रुंदी आणि उंचीच्या प्रमाणात आहे. रुंदी 1, तर उंची 2चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 1.414. असा कागद मधोमध दुमडला तरी दोन्ही अर्ध्यांचं प्रमाण तेच राहतं. म्हणून ए-फोरची दोन पानं 71 टक्क्यांवर आणली की एका ए-फोरवर शेजारी शेजारी चपखल बसतात. जगातल्या बहुतेक देशांनी हे माप स्वीकारलं. अमेरिकेत मात्र 'लेटर' चालतो. तो 215.9 मिलिमीटर रुंद आणि 279.4 मिलिमीटर उंच असतो. संगणक आणि ब्राउझर यांची घडण मोठ्या प्रमाणात अमेरिकेतली, त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर कागदाच्या रकान्यात कुणी न निवडताही 'लेटर' बसलेला असतो.

नातीच्या संगणकावर तेच होतं. लेटर हा ए-फोरपेक्षा 17.6 मिलिमीटरने बुटका. हा फरक बोटाच्या रुंदीएवढा, एका पानात कुणाच्या लक्षात येणार नाही. पण चार पानांत तो 70 मिलिमीटरच्या वर जातो. सहीचा चौकोन, तारीख आणि ठिकाण यांना साधारण तेवढीच जागा लागते. म्हणजे चार पानांत मावणाऱ्या अर्जाची सही नेमकी पाचव्या पानावर ढकलली गेली होती. कागदाचं माप ए-फोर केल्याबरोबर पाचवं पान नाहीसं झालं. मावशी बघतच राहिल्या.

उलटी चूकही तितकीच नेहमीची आहे. पीडीएफ ए-फोरचा असतो, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये लेटर असतो आणि छपाई 'अ‍ॅक्च्युअल साइज'वर असते. मग पानाच्या कडेचा मजकूर कापला जातो. तळाशी सहसा काय असतं? सहीची रेघ, पानाचा क्रमांक, कार्यालयाच्या शिक्क्याची जागा. कागदावर जे सगळ्यात मोलाचं, तेच कापलं जाण्याची भीती सगळ्यात जास्त.

तिसरं माप लीगलचं, 215.9 गुणिले 355.6 मिलिमीटर. कोर्टकचेऱ्यांमुळे हा लांब कागद आपल्या हाडीमांसी मुरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली, तरी जुने फॉर्म लीगलच्याच मापाने आखलेले सापडतात. ते ए-फोरवर 'फिट' करून छापले की सगळं 83.5 टक्क्यांवर येतं. पासपोर्ट फोटोचा चौकोन आखलेला असतो 35 गुणिले 45 मिलिमीटरचा. तो छापून येतो साधारण 29 गुणिले 38चा. खरा फोटो मात्र आकसत नाही. तो चिकटवला की शेजारच्या नावावर चढतो. बारा पॉइंटांची अक्षरं दहा पॉइंटांची होतात, हाताने भरायच्या चौकटीत पेन मावत नाही. बारकोड आणि क्यूआर कोड आकसले की वाचणाऱ्या यंत्रालाही त्रास होतो. क्यूआर कोडच्या चारही बाजूंना त्याच्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी पट्टी लागते. जागा वाचवायला ती कापली की कोड असूनही यंत्राला तो सापडेनासा होतो.

म्हणून फॉर्म बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवावं, की आपला कागद ए-फोर. वेबपानावर हे मोजक्या ओळींत सांगता येतं. छपाईसाठीच्या वेगळ्या सूचना तिथे गेली पंचवीसहून जास्त वर्षं उपलब्ध आहेत. कडेला निदान 15 मिलिमीटर जागा सोडावी, कारण बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी काठापर्यंत शाई पोहोचवू शकत नाहीत. शिवाय डावीकडे पंच मारायला आणि टाचणीला जागा उरते.

चिरलेली ओळ

दुसरा दोष तक्त्यातला. ब्राउझरला तक्ता म्हणजे काय हे कळतं, पण ओळीतला माणूस कळत नाही. 15 मिलिमीटरचे समास सोडले तर ए-फोरवर 267 मिलिमीटर उंची हाती राहते. वारसाची एक ओळ 9 मिलिमीटरची धरली तर पूर्ण पानभर 29 ओळी बसतात. तिसावी ओळ पानाच्या सीमेवर येते आणि तिथेच कापली जाते. तक्ता पानाच्या मध्यावर सुरू झाला, तर हा प्रसंग पंधराव्या ओळीलाच येतो. कुणाच्या घरात किती वारस आणि कुणाचं नाव किती लांब यावर तो अवलंबून असल्याने चाचणीत तो सापडत नाही, खऱ्या माणसाच्या अर्जातच निघतो.

उपाय सोपा आहे. 'ही ओळ आतून तोडू नकोस' अशी सूचना फॉर्ममध्येच देता येते. मग मावली नाही तर अख्खी ओळ पुढच्या पानावर जाते. पोटमथळा पानाच्या तळाशी एकटा राहू नये, त्याखालचा पहिला रकाना त्याच्याबरोबरच जावा, हेही सांगता येतं. तक्त्याचा मथळा वेगळा नोंदवला असेल तर ब्राउझर तो प्रत्येक नव्या पानावर पुन्हा छापतो. तसं केलं नाही तर तिसऱ्या पानावर नुसत्याच तारखा दिसतात. त्या जन्माच्या की लग्नाच्या, हे कळायला मागचं पान उलटावं लागतं.

आणि सही? सहीचा चौकोन आणि त्याच्या वरचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र कधीच वेगळं होता कामा नये. सही ज्या मजकुराखाली केली त्या मजकुराबरोबरच तिला अर्थ असतो. कोऱ्या पानावरची एकटी सही हा नुसता छपाईचा दोष नाही, त्यात धोकाही आहे. त्या पानावर नंतर कुणी काहीही छापू शकतं.

गायब झालेला पत्ता

तिसरा दोष मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो दिसत नाही. पत्ता लिहायच्या चौकटीत दोन ओळींची जागा होती. नातीने तीन ओळी लिहिल्या. पडद्यावर चौकट आतल्या आत सरकते, त्यामुळे लिहिणाऱ्याला सगळं आहे असंच वाटतं. कागद सरकत नाही. चौकटीतला जेवढा भाग त्या क्षणी डोळ्यांसमोर असतो तेवढाच छापला जातो. मावशींच्या पत्त्यातला ब्लॉक आणि पिनकोड असा गेला होता.

माझ्याच हातून काही वर्षांपूर्वी हेच झालं होतं. एका कारखान्यासाठी अपघाताच्या नोंदीचा फॉर्म मी केला होता. 'घटना कशी घडली' या चौकटीत कामगार सविस्तर लिहीत होते आणि छापलेल्या नोंदीत पहिल्या सहा ओळींपुढचं काही येत नव्हतं. संगणकात सगळं होतं म्हणून नुकसान झालं नाही, पण एका जखमी माणसाची हकिकत कागदावर अर्धीच उरली होती, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्ममध्ये छापताना चौकट निघून जाते आणि तिच्यातला मजकूर साध्या परिच्छेदासारखा, हवा तेवढा लांब उलगडतो.

फॉर्म आपण बनवलेला नसेल तर एक युक्ती उपयोगी पडते. बहुतेक ब्राउझरांत अशा चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा दिसतात. तो कोपरा माउसने धरून खाली ओढला की चौकट मोठी होते आणि मोठीच छापली जाते. मावशींचा पत्ता तसाच परत आला.

याच जातीचे आणखी काही दोष आहेत. काही संकेतस्थळांवर अख्खा फॉर्म पडद्याएवढ्या उंचीच्या एका पेटीत ठेवलेला असतो. छापला की पाच पानांऐवजी एकच पान बाहेर येतं. माथ्यावर चिकटून राहणारी निळी पट्टी प्रत्येक पानावर येऊन पहिल्या दोन ओळी झाकते. शाई वाचावी म्हणून ब्राउझर एरवी पार्श्वभूमीचे रंग छापत नाहीत. त्यामुळे 'होय'चं उत्तर जिथे फक्त चौकोन हिरवा करून दाखवलेलं असतं, तिथे कागदावर होय आणि नाही सारखेच दिसतात. खूण रंगाने नाही, आकाराने करावी. बरोबरची किंवा फुलीची खूण काळ्या शाईतही टिकते आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही.

पीडीएफ झालं म्हणजे झालं असं नाही

"पीडीएफ करून आणा सार," असं आमचा दुकानदार सगळ्यांना सांगतो, आणि ते बरोबरच आहे. वर्डची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला की ओळी सरकतात, पानं वाढतात. अ‍ॅडोबी कंपनीने 1993 साली पीडीएफ आणला तो याच दुखण्यावर. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही प्रिंटरवर पान जसंच्या तसं दिसावं. 2008 साली तो आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला.

पण भरायचा पीडीएफ हे वेगळं प्रकरण आहे. त्यात पान खाली असतं आणि रकाने त्यावर वेगळ्या थरासारखे बसलेले असतात. प्रत्येक रकान्याला एक खूण असते, दिसायचं की नाही आणि छापायचं की नाही. दिसणारा पण न छापणारा रकाना बनवता येतो आणि चुकून बनतोही. एका प्रोग्रॅममध्ये भरलेली उत्तरं दुसऱ्यात उघडल्यावर कोरी दिसतात, कारण उत्तर साठवलेलं असतं, पण ते कसं दिसावं याचं चित्र साठवलेलं नसतं. मोबाइलवर भरून दुकानातल्या संगणकावर छापताना हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावर उपाय एकच. भरून झाल्यावर प्रिंटच्या खिडकीतून पुन्हा 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करावं. मग रकाने पानात कायमचे मिसळतात. ती नवी फाइल उघडून पाहावी आणि तीच पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवला तर बारीक अक्षरं पुसट होतात.

पीडीएफमध्ये आणखी एक घराणं होतं, एक्सएफए नावाचं. 2003 साली ते पीडीएफमध्ये आलं. त्यातला तक्ता भरत जाईल तसा वाढायचा, पानं आपोआप पडायची. बहुपानी अर्जांसाठी ही मोठी सोय होती. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-21 या संकेतस्थळावरचे अर्ज वर्षानुवर्षं याच पद्धतीचे होते. पण ते अ‍ॅडोबीच्या रीडरमध्येच नीट उघडत. ब्राउझरमध्ये उघडले की अर्जाऐवजी 'कृपया थांबा' अशा अर्थाचं एकच इंग्रजी पान दिसायचं, आणि कित्येकांनी तेच पान छापून घेतलेलं आहे. 2017च्या पीडीएफ प्रमाणात ही पद्धत बाद ठरवण्यात आली आणि मंत्रालयाचे अर्जही 2022पासून टप्प्याटप्प्याने थेट वेबवर आले. अजून कुठे असं 'थांबा'चं पान दिसलं तर थांबू नये. फाइल उतरवून घ्यावी आणि अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये उघडावी.

लिपीचा प्रश्न आपल्याला जास्त सोसावा लागतो. राजाजीनगरातल्या अर्जात कन्नड आणि इंग्रजी शेजारी शेजारी असतात, बेळगावकडच्या कागदांत मराठीही डोकावते. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरी आणि कन्नडमध्ये अक्षरं एकमेकांत गुंफावी लागतात. देवनागरीत पहिली वेलांटी आधी दिसते पण नंतर टंकली जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. फाँट फाइलमध्येच बांधून दिला नसेल तर प्रिंटरकडे ही गुंफण राहत नाही, नावाच्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षरं सुटून पडतात. 'कुलकर्णी'तला रफार सुटला की ते नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेला मजकूर तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. म्हणून फाँट युनिकोडचा हवा, फाइलमध्ये बांधलेला हवा, आणि चाचणी 'अबक' लिहून नाही, तर 'श्रीकृष्ण', 'ज्ञानेश्वर', 'कऱ्हाड' अशी नावं लिहून करायला हवी.

बेंगळुरूला गेलेलं एक पान

छापलेल्या पानाकडून काय हवं आहे, हे स्पष्ट सांगितलं की काय साधतं, याचं उदाहरण याच शहरातलं आहे. प्राप्तिकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरल्यावर डिजिटल सही नसेल तर 'आयटीआर-व्ही' नावाचं एक पान छापून, सही करून बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या केंद्राकडे पाठवावं लागे. देशभरातून पानं येणार, प्रत्येक प्रिंटर वेगळा. म्हणून सोबत सूचना असत. कागद ए-फोर आणि पांढरा. छपाई इंकजेट किंवा लेझरवर, फक्त काळ्या शाईत. सही निळ्या शाईत, म्हणजे ती झेरॉक्स नाही हे कळावं. बारकोडवर काहीही लिहू नये. स्टेपल मारू नये. मागच्या बाजूला काही छापू नये. मूळ आणि सुधारित विवरणपत्र पाठपोट छापू नये. प्रत्येक सूचनेमागे पुढे त्या पानाचं काय होणार याचा विचार आहे. ते स्कॅनरमधून जाणार, त्याचा बारकोड यंत्र वाचणार, सही माणूस पाहणार. आता आधारवरच्या ओटीपीने पडताळणी होत असल्याने हे पान पाठवण्याची गरज क्वचितच पडते. जे पाठवतात त्यांच्यासाठी ऑगस्ट 2022पासून मुदत 120 दिवसांवरून 30 दिवसांवर आली. पण ती सूचनांची यादी फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावी अशी आहे.

फॉर्म बनवणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. फॉर्म तयार झाला की तो एकदा रिकामा छापा आणि एकदा गच्च भरून छापा. सगळ्यात लांब नाव, चार ओळींचा पत्ता, सोळा वारस घाला. ऑफिसातल्या भारी प्रिंटरवर नाही, तर कोपऱ्यावरच्या दुकानात छापा, काळ्या-पांढऱ्यात, पाठपोट. पाठपोट छापताना पानं लांब कडेवर उलटतात की आखूड कडेवर हे पाहा, नाही तर दुसरं पान उलटं येतं. मग पानं एकमेकांपासून वेगळी करा, पिसा, आणि ज्याने फॉर्म कधी पाहिला नाही अशा माणसाला ती पुन्हा लावायला सांगा.

हा शेवटचा कस नवा नाही. आपल्या जुन्या पोथ्यांची पानं शिवलेली नसत. सुटीच असत, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. पानं विस्कटली तर काय, याचं उत्तर लेखनिकांनी पानाच्या समासातच लिहून ठेवलं होतं. ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरं आणि पानाचा आकडा. प्रत्येक सुटं पान आपण कुणाचं आणि कितवं, हे स्वतःच सांगे.

मावशींचा अर्ज मी बनवलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या माथ्यावर काही छापणं माझ्या हातात नव्हतं. ए-फोरवर तो चार पानांत बसला, वारसांची ओळ अख्खी आली, पत्त्याला पिनकोड मिळाला. मग मी मावशींना पेन दिलं आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव, अर्जाचा क्रमांक आणि '4 पैकी 1', '4 पैकी 2' असं लिहायला सांगितलं. त्यांनी ते सावकाश, गोल अक्षरात लिहिलं. शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्राखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात टाचणी काढून पानं स्कॅन करताना पंख्याच्या वाऱ्याने दोन पानं खाली पडली, असं त्यांनी संध्याकाळी सांगितलं. खिडकीतल्या माणसाने ती उचलली, माथ्यावर नजर टाकली आणि जागच्या जागी लावून शिक्का मारला. यावेळी त्याला काही विचारावं लागलं नाही.